इंग्रजीतून विनयपूर्वक विचारणा : प्रश्नपरीक्षेचे एक उपेक्षित अंग

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा वाग्भटाचार्यांनी सांगितली आहे. सुश्रुताचार्यांनी पाच ज्ञानेंद्रियांच्या जोडीला प्रश्न हे सहावे साधन मानले. यांपैकी दर्शन व स्पर्शन यांना भाषेची अडचण नाही. नाडी पाहताना रुग्ण कोणत्या प्रांतातला आहे याने फरक पडत नाही. प्रश्नपरीक्षा मात्र सर्वस्वी भाषेवर अवलंबून असते. रुग्ण मराठी बोलणारा असला की प्रश्न सहज सुचतात व उत्तरे सहज उमगतात. तोच रुग्ण केरळचा, बंगालचा किंवा परदेशचा असला की उभयतांना इंग्रजीचा आधार घ्यावा लागतो. तेथे आपल्यातील अनेक अनुभवी वैद्यांचीही प्रश्नपरीक्षा दोन-चार तुटक वाक्यांवर येऊन थांबते. औषधनिर्मात्यांची स्थिती निराळी नाही. परप्रांतातील पुरवठादार, तपासणी प्रयोगशाळा, परदेशी ग्राहक या सर्वांशी त्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीतच चालतो.

हा विषय केवळ सभ्यतेचा नाही, असे आमचे म्हणणे आहे. प्रश्न उद्धट वाटला तर रुग्ण मिटून जातो. प्रश्न संदिग्ध असला तर उत्तर उलटे समजले जाते. दोन्ही प्रसंगी चिकित्सेला लागणारी माहिती हातची जाते. म्हणून इंग्रजीतून माहिती कशी मागावी आणि मिळालेली माहिती कशी स्वीकारावी, याचा थोडा सविस्तर विचार येथे करीत आहोत.

विनय वाक्यात कोठे राहतो?

मराठीत विनय सर्वनामात व क्रियापदाच्या रूपात असतो. ‘तू सांग’, ‘तुम्ही सांगा’, ‘आपण सांगावे’ या तीन पायऱ्यांवरूनच आदराची मात्रा कळते. इंग्रजीत मात्र तू, तुम्ही आणि आपण या तिघांसाठी ‘यू’ हा एकच शब्द आहे. त्यामुळे मनात ‘आपण’ धरून ‘टेल मी युवर प्रॉब्लेम’ असे म्हटले, तरी ऐकणाऱ्याच्या कानी ‘तुझी तक्रार सांग’ एवढेच पडते. आपल्या मनातील आदर भाषांतरात गळून जातो आणि समोरच्यास तो गळल्याचे कळतही नाही.

‘प्लीज’ हा शब्द जोडल्याने हे काम पूर्ण होत नाही. ‘प्लीज टेल युवर एज’ ही आज्ञाच राहते, फक्त थोडी मृदू होते. इंग्रजीतील विनय मुख्यतः तीन गोष्टींत असतो : आज्ञेऐवजी प्रश्नाचे रूप, ‘कुड’ किंवा ‘वुड’ असे सहायक क्रियापद, आणि विचारण्याचे कारण. ‘कुड यू टेल मी व्हेन द पेन स्टार्टेड?’ म्हणजे ‘दुखणे केव्हा सुरू झाले ते सांगाल का?’ हे वाक्य कोणासही खटकणार नाही.

मराठीतही असा मार्ग आहेच. ‘जरा एक विचारायचे होते’ असे आपण म्हणतो, तेव्हा विचारायचे आत्ताच असते, पण ‘होते’ हे भूतकाळी रूप वापरून आपण समोरच्यावरील दडपण कमी करतो. ‘सांगाल का?’ या रूपात नकाराला वाव ठेवतो. इंग्रजीतील ‘आय वॉन्टेड टू आस्क’, ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड टेल मी’ या रचनांचे तत्त्व हेच आहे. म्हणजे विनयाचा संस्कार आपल्यापाशी आहे, तो केवळ दुसऱ्या साच्यात ओतावयाचा आहे.

व्याकरणाची एक बाब येथे ध्यानी घ्यावी. ‘कुड यू टेल मी’ असा प्रारंभ केल्यावर पुढील भाग पुन्हा प्रश्नाच्या रचनेत नसतो. ‘कुड यू टेल मी व्हेअर इज द पेन?’ असे न म्हणता ‘कुड यू टेल मी व्हेअर द पेन इज?’ असे म्हणावे.

याउलट अतिरेकही टाळावा. ‘रिस्पेक्टेड सर, काइंडली डू द नीडफुल’ हा आपल्याकडील कार्यालयीन पत्रांचा जुना परिपाठ. त्यात नम्रता भरपूर आहे, पण नेमके काय हवे ते कोठेच नाही. ‘नीडफुल’ म्हणजे काय, हे वाचणाऱ्याने ताडावयाचे असते. स्पष्टता हाही विनयाचाच भाग होय.

रुग्णाला प्रश्न विचारताना

खाजगी स्वरूपाचा प्रश्न विचारण्यापूर्वी कारण सांगावे आणि अनुमती घ्यावी. स्त्री-रुग्णास गर्भधारणेविषयी विचारावयाचे असल्यास एकदम ‘आर यू प्रेग्नंट?’ असे म्हणणे रुक्ष होते. त्याऐवजी असे म्हणता येईल : ‘सम हर्ब्स आर नॉट सेफ ड्युरिंग प्रेग्नन्सी, सो आय नीड टू आस्क. इज देअर एनी चान्स दॅट यू माइट बी प्रेग्नंट?’ काही वनस्पती गर्भावस्थेत देता येत नाहीत म्हणून विचारावे लागत आहे, हे कळले की प्रश्न चौकशी न राहता काळजी ठरतो.

मद्यपानाविषयी ‘डू यू ड्रिंक?’ या प्रश्नात दोषारोपाची छटा येते व ‘नो’ असे उत्तर मिळून विषय संपतो. ‘अबाउट हाऊ मच अल्कोहोल डू यू ड्रिंक इन अ वीक?’ असे विचारल्यास रुग्णास खरे सांगणे सोपे जाते. औषध मध्येच सोडलेल्या रुग्णास ‘व्हाय डिड यू स्टॉप?’ असे विचारले तर तो स्वतःचा बचाव करू लागतो. ‘वॉज देअर अ रीझन यू स्टॉप्ड?’ असे विचारल्यास तो कारण सांगू लागतो. ‘व्हाय’ हा शब्द इंग्रजीत जाब विचारल्यासारखा ऐकू येतो, म्हणून तो जपून वापरावा.

चालू असलेल्या औषधांचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. ‘एनी मेडिसिन?’ एवढ्यावर भागवू नये. ‘आर यू टेकिंग एनी अदर मेडिसिन्स, इन्क्लुडिंग एनी यू बाय विदाउट अ प्रिस्क्रिप्शन?’ असे पूर्ण विचारावे. उदाहरणार्थ, ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो व रक्तातील पोटॅशियम घटू शकते. रुग्ण रक्तदाबासाठी गोळ्या घेत आहे हे ठाऊक नसता ज्येष्ठमधाचा कल्प देणे हितावह नाही. ही माहिती नाडीतून नव्हे, प्रश्नातूनच मिळते.

नकारार्थी प्रश्नाचा धोका

‘दुधाची अ‍ॅलर्जी नाही ना?’ असे आपण सहज विचारतो. मराठी रुग्ण ‘हो, नाही’ म्हणतो, म्हणजे ‘तुमचे म्हणणे बरोबर, अ‍ॅलर्जी नाही’. आपले ‘हो’ हे समोरच्याच्या विधानाला दिलेली मान्यता असते. इंग्रजीत तसे नाही. ‘यू आर नॉट अ‍ॅलर्जिक टू मिल्क?’ या प्रश्नाला अ‍ॅलर्जी नसल्यास ‘नो’ आणि असल्यास ‘येस’ असे उत्तर येते. आपण ते मराठी रीतीने ऐकले तर अर्थ नेमका उलटा होतो. क्षीरपाक किंवा दुधाचे अनुपान द्यावयाचे असता ही चूक लहान ठरत नाही. म्हणून इंग्रजीत प्रश्न नेहमी होकारार्थी विचारावा : ‘आर यू अ‍ॅलर्जिक टू मिल्क?’

असाच सापळा ‘वुड यू माइंड’ या रचनेत आहे. ‘वुड यू माइंड लाइंग डाऊन हिअर?’ याचा शब्दशः अर्थ ‘येथे आडवे होण्यास आपली हरकत आहे का?’ असा होतो. तेव्हा ‘नो, नॉट अ‍ॅट ऑल’ हे उत्तर संमतीचे असते. रुग्णाने ‘नो’ म्हटले म्हणून आपण थांबू नये, आणि आपणास कोणी असे विचारले असता संमती म्हणून घाईने ‘येस’ म्हणू नये.

अ‍ॅलर्जीच्या प्रश्नात तिळाचा उल्लेख आवर्जून करावा. अभ्यंगासाठी आपण तीळतेल इतके नित्य वापरतो की त्याबद्दल विचारण्याचे मनात येत नाही. परंतु पाश्चात्त्य देशांत तिळाची अ‍ॅलर्जी सुपरिचित आहे. अमेरिकेने 2021 मध्ये कायदा करून 1 जानेवारी 2023 पासून तिळाचा समावेश प्रमुख अ‍ॅलर्जीकारक खाद्यपदार्थांच्या यादीत नववा पदार्थ म्हणून केला आहे. ‘आर यू अ‍ॅलर्जिक टू एनी फूड, नट ऑर सीड? सेसमी, फॉर एक्झाम्पल?’ एवढा प्रश्न अभ्यंगापूर्वी विचारलाच पाहिजे.

आपले शब्द, त्यांचे अर्थ

काही शब्द दोन्ही भाषांत सारखे ऐकू येतात आणि म्हणूनच फसवतात. त्यांत ‘कफ’ अग्रगण्य होय. रुग्ण ‘आय हॅव अ कफ’ म्हणतो तेव्हा तो खोकल्याबद्दल बोलत असतो. तो खोकला कोरडाही असू शकतो. आपण मात्र कफ लिहून मोकळे होतो. इंग्रजीत कफाला, म्हणजे सुटणाऱ्या बेडक्याला, ‘फ्लेम’ म्हणतात. ‘इज इट अ ड्राय कफ, ऑर डू यू ब्रिंग अप एनी फ्लेम?’ या एका प्रश्नाने वातज व कफज कासाचा प्राथमिक भेद हाती येतो.

‘हाऊ इज युवर मोशन?’ हा प्रश्न भारतात चालतो, परदेशी रुग्णास तो कळत नाही. त्याला ‘आर युवर बॉवेल मूव्हमेंट्स रेग्युलर?’ असे विचारावे. ‘अ‍ॅसिडिटी’ऐवजी छातीतील जळजळीसाठी ‘हार्टबर्न’ म्हणावे. ‘वीकनेस’ म्हटले की परदेशी रुग्णास हातापायांतील शक्ती गेल्याचा भास होऊ शकतो. आपणास थकव्याविषयी विचारावयाचे असल्यास ‘डू यू फील टायर्ड मोस्ट ऑफ द टाइम?’ असे म्हणावे. ‘डाउट’ या शब्दाबाबतही सावध असावे. ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर मटेरियल’ असे पुरवठादारास म्हटले तर आपला त्याच्यावर विश्वास नाही असा अर्थ निघतो. मराठीतील निरुपद्रवी ‘शंका’ इंग्रजीत ‘क्वेश्चन’ असते.

उत्तर ग्रहण करताना

माहिती मागणे हा अर्धा भाग झाला. ती नीट स्वीकारणे हा उरलेला अर्धा. आपल्याकडे न कळलेले पुन्हा विचारणे कमीपणाचे मानले जाते आणि मान डोलावून वेळ निभावली जाते. इंग्रजी बोलणारास त्यात कमीपणा वाटत नाही. उलट पुन्हा विचारणारा मनुष्य लक्ष देऊन ऐकत आहे असे तो मानतो. ‘आय अ‍ॅम सॉरी, आय डिड नॉट कॅच दॅट. कुड यू से इट अगेन, अ लिटल मोर स्लोली?’ हे वाक्य प्रत्येक वैद्याने जिभेवर ठेवावे. औषधाचे नाव कळले नाही तर ‘कुड यू स्पेल दॅट फॉर मी, प्लीज?’ असे विचारावे, किंवा गोळ्यांचे पाकीट दाखवण्याची विनंती करावी.

ऐकलेले परत म्हणून दाखवणे ही सर्वांत उपयुक्त सवय होय. ‘सो, इफ आय हॅव अंडरस्टुड यू करेक्टली, द पेन स्टार्टेड टू वीक्स अगो अँड इज वर्स आफ्टर मील्स. इज दॅट राइट?’ यात चूक असल्यास रुग्ण ती तेथेच दुरुस्त करतो.

अंकांबाबत विशेष दक्षता घ्यावी. दूरध्वनीवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत गोंधळ होतो. तेव्हा ‘वन-फाइव्ह’ किंवा ‘फाइव्ह-झीरो’ असे सुटे अंक उच्चारून खात्री करावी. 3/4 ही तारीख आपल्याकडे 3 एप्रिल असते, अमेरिकेत 4 मार्च. म्हणून महिना अक्षरी लिहावा. आसव-अरिष्टांच्या मात्रेत ‘टीस्पून’ म्हणजे 5 मिलिलिटर आणि ‘टेबलस्पून’ म्हणजे साधारण 15 मिलिलिटर होतात. एका शब्दाच्या फरकाने मात्रा तिप्पट होते. चमच्यांऐवजी मिलिलिटर सांगणे इष्ट.

औषधनिर्मात्यांचा पत्रव्यवहार

कच्च्या द्रव्यांची चौकशी करताना संस्कृत नावावर विसंबून चालत नाही. ब्राह्मी म्हणून कोठे बॅकोपा मोनिएरी मिळते, तर कोठे सेंटेला एशियाटिका, म्हणजे आपली मंडूकपर्णी. केरळात रास्ना म्हणून अल्पिनिया गलंगा, तर शंखपुष्पी म्हणून क्लिटोरिया टर्नेटिया, म्हणजे आपली गोकर्णी, वापरण्याचा प्रघात आहे. पुरवठादार खोटे बोलत नसतो. आपला प्रश्न अपुरा असतो. म्हणून विचारणेच्या पत्रात चार गोष्टी असाव्यात : आपण कोण, नेमके काय हवे, कशासाठी, आणि कोणत्या दिवसापर्यंत. नमुना असा :

‘वुई आर अ लायसेन्स्ड आयुर्वेदिक मॅन्युफॅक्चरर इन महाराष्ट्र. वुई वुड लाइक टू बाय फिफ्टी (50) किलोग्रॅम्स ऑफ ड्राइड ब्राह्मी, बॅकोपा मोनिएरी, होल प्लांट, फॉर अवर ओन प्रॉडक्शन. कुड यू प्लीज लेट अस नो द प्राइस, अँड व्हेदर यू कॅन सेंड अ सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅनालिसिस फॉर द बॅच? वुई वुड बी ग्रेटफुल फॉर अ रिप्लाय बाय 20 मार्च.’

यात एकही शब्द लाचारीचा नाही, आणि उद्धटपणाचाही नाही. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, अंग, वजन आणि तारीख ही सर्व आली आहेत. ज्यास हे पत्र मिळेल त्यास उलट प्रश्न विचारावा लागणार नाही. उत्तर आले की त्याच दिवशी ‘थँक यू फॉर युवर रिप्लाय’ असे कळवावे, आणि काही राहिले असल्यास तेवढेच विचारावे : ‘द सर्टिफिकेट वॉज नॉट अटॅच्ड. कुड यू प्लीज सेंड इट अगेन?’ ‘यू फरगॉट टू सेंड’ असे लिहू नये. दोष व्यक्तीवर न ठेवता वस्तुस्थितीवर ठेवला की काम लवकर होते.

माहिती आपणास मागितली असता

परदेशी ग्राहक किंवा रुग्ण पुष्कळदा विचारतो : ‘कुड यू टेल मी व्हेदर धिस हॅज बीन टेस्टेड फॉर हेवी मेटल्स?’ हा प्रश्न आपल्या शास्त्राचा अवमान आहे असे समजून रागावणारे काही बंधू आहेत. त्यांनी या प्रश्नामागील इतिहास ध्यानी घ्यावा. डिसेंबर 2004 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे तीत नमूद होते. त्यानंतर केंद्र शासनाने केवळ वनस्पतिज अशा निर्यातीच्या औषधांसाठी 1 जानेवारी 2006 पासून जड धातूंची तपासणी अनिवार्य केली. विचारणारा हे ऐकून-वाचून आलेला असतो. त्याचा प्रश्न सभ्य आहे आणि त्याला सभ्य व खरे उत्तर मिळण्याचा अधिकार आहे.

वनस्पतिज औषध असल्यास बॅच क्रमांकासह तपासणीचा अहवाल द्यावा. शिसे दशलक्ष भागांत 10, आर्सेनिक 3, पारा 1 व कॅडमियम 0.3 या मर्यादांशी अहवालातील आकडे ताडून पाहण्यास सांगावे. रसौषधी असल्यास तसे स्पष्ट सांगावे : ‘धिस मेडिसिन कन्टेन्स अ प्रोसेस्ड मेटल अ‍ॅज अ‍ॅन इन्ग्रेडियंट. इट शुड बी टेकन ओन्ली अंडर मेडिकल सुपरव्हिजन.’ ‘हंड्रेड पर्सेंट हर्बल, नो साइड इफेक्ट’ हे वाक्य कितीही गोड इंग्रजीत उच्चारले तरी ते विनयात बसत नाही, कारण ते समोरच्याच्या प्रश्नाला दिलेले उत्तरच नव्हे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 याखालील नियमांच्या अनुसूची ‘ई-1’ मधील द्रव्ये असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदी या दोन्ही भाषांत छापणे बंधनकारक आहे. जे वेष्टनावर छापावयाचे, ते तोंडाने सांगण्यात संकोच कसला?

माहिती नसल्यास ‘आय अ‍ॅम अफ्रेड आय डू नॉट नो, बट आय विल फाइंड आउट अँड लेट यू नो बाय मंडे’ असे म्हणावे. येथे ‘अफ्रेड’ म्हणजे भय नव्हे. नकार किंवा अज्ञान सौम्यपणे सांगण्याची ती इंग्रजी रीत आहे. आपल्या ‘बघतो’, ‘बघू’ या शब्दांत होकार-नकार दोन्ही सामावतात आणि मराठी माणसास स्वरावरून अर्थ कळतो. ‘आय विल ट्राय’ ऐकणारा परका मनुष्य मात्र वाट पाहत बसतो. म्हणून दिवस सांगावा आणि तो पाळावा.

समारोप

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात संभाषेचे दोन प्रकार वर्णिले आहेत : स्नेहभावाने होणारी संधायसंभाषा आणि जिंकण्याच्या ईर्षेने होणारी विगृह्यसंभाषा. पहिलीत विचारणारा निःसंकोच विचारतो व सांगणारा निःसंकोच सांगतो, आणि ज्ञानाची वृद्धी होते. ही शिकवण कोणत्याही एका भाषेपुरती नाही. वर दिलेली वाक्ये वीस-पंचवीसच आहेत. ती कागदावर लिहून चिकित्सालयाच्या मेजावर ठेवावीत, सहायक वैद्य व विक्री-कक्षातील कर्मचारी यांच्याकडूनही मोठ्याने म्हणवून घ्यावीत. उच्चार परका राहिला तरी बिघडत नाही. समोरचा मनुष्य उच्चार क्षमा करतो, पण न विचारलेल्या प्रश्नाची भरपाई औषधाने होत नाही. इंग्रजी अस्खलित नसल्यामुळे आपला एकही रुग्ण अर्ध्या माहितीवर औषध घेऊन जाऊ नये, एवढीच आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींस व औषधनिर्मात्यांस विनंती आहे.